ध्यानाने फरक पडतो, पण कशाच्या तुलनेत?

दादरला माझ्या मावशीच्या घरी टीव्हीखालच्या खणात एक शंभर पानी वही आहे. डावीकडे तारीख, मग वरचं प्रेशर, खालचं प्रेशर आणि शेवटी गोळी घेतल्याची खूण. दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी तिथे १६८/९८ असा आकडा आहे आणि त्याखाली लाल पेनाने रेघ. त्याच आठवड्यात ती शेजारच्या काकूंबरोबर एका ध्यानशिबिराला जायला लागली. तीन आठवड्यांनी वरचे आकडे १४२, १३८, १४४ असे उतरले. शिबिर घेणाऱ्यांनी सांगितलं होतं, नेमाने बसलात तर गोळी सुटेल. मावशीने गोळी सोडली. पुढच्या दीड महिन्यात काय झालं ते वहीत नाही, कारण बरं वाटतंय म्हणून तिने प्रेशर मोजणंही सोडलं होतं. मग एका संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर तिला गरगरलं आणि ती कठड्याला धरून खाली बसली. एका मुलीने तिला पाणी दिलं आणि तिच्या फोनवरून आम्हाला कळवलं. दवाखान्यात मोजलं तर वरचं १८६.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं रोज सकाळी ध्यानाला बसते. ध्यानाला कुणी थोतांड म्हटलं तर मला लागतं, आणि ध्यानाच्या नावावर कुणी गोळी बंद करायला सांगितली तर त्याहून जास्त लागतं. बरी झाल्यावर मावशीने विचारलं, "अगं, पण आकडे उतरले होते ना? ते काय खोटं होतं?" खोटं नव्हतं. पण त्या आकड्यांचं श्रेय ध्यानाला देता येत नाही. का देता येत नाही, हे एकदा कळलं की ध्यानावरचं संशोधन कसं वाचायचं तेही कळतं.

प्रेशर रोज सारखं नसतं. झोप, मीठ, भांडण, जिना चढून आल्यावर लगेच मोजणं, कशानेही ते वरखाली होतं. माणूस उपाय कधी सुरू करतो? आकडा सगळ्यात वर गेला की. आणि सगळ्यात वरच्या आकड्यानंतर येणारे आकडे, काहीही केलं नाही तरी, बहुतेक वेळा त्याच्या खालीच असतात. ज्या दिवशी लोकल चाळीस मिनिटं उशिरा आली त्या दिवशी नवस बोललात, तर दुसऱ्या दिवशी गाडी बऱ्यापैकी वेळेवर येणारच. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. शिवाय त्याच आठवड्यात मावशीने पापड-लोणचं बंद केलं होतं, शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला सुरुवात केली होती, आणि रोज कुणीतरी तिला "आज कसं वाटतंय?" असं आपुलकीने विचारत होतं. या सगळ्यातलं ध्यानाचं किती, हे एका माणसाची वही सांगू शकत नाही.

त्यासाठी अशा शंभर मावश्या लागतात. नाणेफेक करून निम्म्यांना ध्यान शिकवायचं आणि उरलेल्यांना दुसरं काहीतरी द्यायचं. ते दुसरं काय, यावर सगळं अवलंबून असतं. दुसऱ्या गटाला नुसतं घरी बसवलं तर ध्यानाचा गट जिंकतोच, कारण त्यांना वर्ग मिळाला, शिक्षक मिळाले, सोबत मिळाली. दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ, तितकीच माया आणि तितकाच चांगला शिक्षक दिला, फक्त विषय आहाराचा ठेवला, की मग उरलेला फरक ध्यानाचा. म्हणून ध्यानाचा कुठलाही दावा ऐकला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: कशाच्या तुलनेत?

या तपासणीची परंपरा आपल्या अगदी जवळची आहे. मुंबईत वर्सोव्याला १९१८ मध्ये श्री योगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट काढली, ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज सुमारे पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौन. बौद्ध परंपरेतलं ध्यान त्यांनी धार्मिक भाषा वगळून शिकवलं. माइंडफुलनेस, मराठीत सजगता, हा शब्द दवाखान्यात रुळला तो इथून. साचा ठरलेला असल्यामुळे जगभर त्याच्याच चाचण्या सगळ्यात जास्त झाल्या. हे लक्षात ठेवायला हवं, कारण "ध्यानाने अमुक होतं असं सिद्ध झालंय" या वाक्यात ध्यान म्हणजे बहुतेक वेळा हा अभ्यासक्रम असतो. जप, विपश्यना, त्राटक, श्वासावर लक्ष ठेवणं, मैत्रीभावना, सगळ्यांना आपण ध्यानच म्हणतो. डॉक्टरांना नुसतं "भाजी खाल्ली" असं सांगितलं तर मेथी की बटाटा ते कळत नाही, तसंच हे आहे.

आता पुरावा. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांनी १८,७५३ नोंदी चाळल्या. नाणेफेकीने गट पाडलेल्या आणि दुसऱ्या गटालाही खरोखर काहीतरी दिलेल्या चाचण्या किती उरल्या? फक्त ४७, एकूण ३,५१५ माणसांच्या. ही चाळणी मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. ध्यानावर हजारो लेख आहेत हे खरं, आणि त्यातले मोजके भरवशाचे आहेत हेही खरं.

त्या ४७ चाचण्यांमध्ये सजगतेच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्याची लक्षणं आणि वेदना थोड्या कमी केल्याचा मध्यम बळाचा पुरावा मिळाला. परिणामाचं माप चिंतेसाठी ०.३८ आणि नैराश्यासाठी ०.३०. या आकड्याचा अर्थ असा. ध्यान शिकलेल्या गटातून एक माणूस आणि दुसऱ्या गटातून एक माणूस चिठ्ठीने उचला. अशा शंभर जोड्या लावा. ध्यानाचा काहीच परिणाम नसता तर पन्नास जोड्यांत ध्यान करणारा कमी चिंतेत दिसला असता. ०.३८ म्हणजे असं सुमारे ६१ जोड्यांत दिसेल. पन्नासाचे एकसष्ट. जाहिरातीतल्या "आयुष्य बदलून जाईल"च्या मानाने हे फारच थोडं आहे. पण याच अभ्यासकांनी लिहिलंय की साध्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांमध्ये नैराश्याच्या औषधांचाही परिणाम साधारण एवढाच दिसतो. सुई-गोळीशिवाय, घरी बसून करता येणाऱ्या गोष्टीकडून एवढं मिळत असेल तर मला ते खूप वाटतं.

त्याच लेखात दोन गोष्टी अशा आहेत ज्या फारशा पुढे पाठवल्या जात नाहीत. औषध, व्यायाम किंवा दुसऱ्या उपचाराशी थेट तुलना केली तेव्हा ध्यान त्यांच्याहून सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि झोप, वजन, खाण्याच्या सवयी, एकाग्रता, व्यसन यांवर एकतर परिणाम दिसला नाही किंवा ठरवण्याइतका पुरावाच नव्हता. एकाग्रता वाढावी म्हणून दहावीच्या मुलांना शिबिरात पाठवणाऱ्या आईबाबांनी हे जरूर वाचावं.

वेदनेवरचा प्रयोग

गोळीची चाचणी घेताना तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. ध्यानाचं काय करायचं? आपण ध्यान करतोय की नाही हे तर प्रत्येकाला कळतं. फादेल झैदान या संशोधकाच्या गटाने २०१५ मध्ये यावर युक्ती काढली. ७५ निरोगी माणसांचे चार गट. पहिल्या गटाला सजगतेचं ध्यान नीट शिकवलं. दुसऱ्याला लुटुपुटूचं ध्यान दिलं: डोळे मिटा, मोठे श्वास घ्या, हेच ध्यान असं सांगितलं, पण लक्ष कुठे ठेवायचं आणि मन भरकटलं तर काय करायचं ते शिकवलंच नाही. तिसऱ्या गटाला वेदनाशामक म्हणून साधं मलम लावलं. चौथा गट पुस्तकाचं वाचन ऐकत बसला. मग कातडीला सुमारे ४९ अंश सेल्सिअसचा चटका देऊन किती दुखतं ते विचारलं आणि मेंदूची चित्रं घेतली.

मलमानेही दुखणं कमी झालं आणि लुटुपुटूच्या ध्यानानेही. नुसत्या विश्वासाचा परिणामही एवढा खरा असतो. पण नीट शिकवलेल्या ध्यानाने ते या दोन्हींपेक्षा जास्त कमी झालं, आणि मेंदूतली हालचालही निराळी दिसली. पुढच्या वर्षी त्याच गटाने शरीरातल्या अफूसारख्या नैसर्गिक वेदनाशामकांचा मार्ग औषधाने बंद करून पाहिलं. तरी ध्यानाचा आराम टिकला, म्हणजे हा आराम दुसऱ्या वाटेने येतो. मला हा प्रयोग सगळ्यात जवळचा वाटतो. "ध्यान म्हणजे नुसता मनाचा खेळ" म्हणणाऱ्यांना आणि "डोळे मिटून बसलं की झालं" म्हणणाऱ्यांना, दोघांनाही त्यात उत्तर आहे.

कंबरदुखीचंही असंच. २०१६ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांचे तीन गट करून पाहिलं. २६ आठवड्यांनी रोजच्या हालचालीत ठळक सुधारणा झालेले: सजगतेच्या गटात ६१ टक्के, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराच्या गटात ५८ टक्के, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेले ४४ टक्के. डोंबिवली फास्टमध्ये तासभर उभं राहणाऱ्या माणसाच्या कंबरेला हा फरक नक्की जाणवेल.

गोळी आणि ध्यान

मावशीच्या प्रकरणामुळे या भागात मी जास्त रेंगाळते. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येतं, त्यांच्या मनात त्याच त्या विचारांचं दळण चालू असतं. विचार येतोय हे वेळीच ओळखता आलं तर त्याच्या मागे न जाता परत फिरता येतं, या कल्पनेवर एक आठ आठवड्यांचा कार्यक्रम उभा आहे. ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांत नैराश्य पुन्हा आल्याचं प्रमाण ध्यानाच्या गटात ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्के. हा फरक नगण्य आहे, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. ध्यान सरस ठरेल अशी संशोधकांची अपेक्षा होती, तसं झालं नाही. आणि ध्यानाच्या गटातल्या लोकांनी गोळ्या कमी केल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. शिबिरातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून एका सकाळी बंद केल्या नाहीत.

२०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर अमेरिकेत दुसरी चाचणी झाली. निम्म्यांना एस्सिटॅलोप्राम ही गोळी, निम्म्यांना कबाट-झिन यांचा अभ्यासक्रम. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखीच उतरली. किमान एक तरी त्रास झाल्याचं गोळीच्या गटात ७८.६ टक्क्यांनी सांगितलं, ध्यानाच्या गटात १५.४ टक्क्यांनी. ही बातमी मी आनंदाने सगळ्यांना सांगते, आणि लगेच पुढचंही सांगते: रोज पाऊण तास आणि आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, एवढा डोस घेतला तेव्हा हे झालं. फोनमधल्या अॅपवर झोपण्यापूर्वी दहा मिनिटं ऐकणं चांगलंच आहे, पण तो हा डोस नाही. बीकेसीतल्या एखाद्या ऑफिसात वर्षातून एकदा होणारं तासाभराचं सत्रही नाही. बारा तासांचं काम तसंच ठेवून माणसांना शांत राहायला शिकवणं मला पटत नाही. तिथे आधी कामाचे तास कमी करायला हवेत.

प्रेशरबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये मत दिलं. ध्यानाचा हृदयाला फायदा होऊ शकतो, पण पुरावा अजून पक्का नाही. करायचं तर आहार, व्यायाम आणि औषधांच्या जोडीला करा, त्यांच्या जागी नको. मावशीला मी हे मराठीत लिहून दिलं, ते वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेलं आहे.

मेंदूबद्दलही आपल्याकडे फार बोललं जातं. २०११ मध्ये एका अभ्यासात आठ आठवड्यांनंतर मेंदूच्या काही भागांत करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली, आणि "ध्यानाने मेंदू बदलतो" हे वाक्य जगभर गेलं. त्या अभ्यासात ध्यान करणारे होते १६. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २१८ जणांवर हेच पुन्हा तपासलं आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं: आठ आठवड्यांत मेंदूच्या रचनेत तसा बदल दिसला नाही. त्या गटात रिचर्ड डेव्हिडसन होते, ज्यांनी तिबेटी भिक्षूंच्या मेंदूवर काम केलं आणि जे स्वतः अनेक वर्षं ध्यान करतात. आपल्या आवडत्या गोष्टीविरुद्ध गेलेला निष्कर्षही त्यांनी छापला, याचा मला मनापासून आदर वाटतो. दहा-वीस हजार तास बसलेल्या भिक्षूच्या मेंदूत निराळं दिसतं हे खरं असू शकतं आणि आठ आठवड्यांत काही दिसत नाही हेही.

न छापलेल्या निष्कर्षांचं काय? २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सजगतेच्या १२४ चाचण्या तपासल्या. त्यातल्या १०८ चाचण्यांनी फायदा झाल्याचं म्हटलं होतं. एवढ्या लहान चाचण्यांमधून अपेक्षा होती साधारण ६६ची. म्हणजे यश छापलं जातं आणि अपयश बरेचदा कपाटात राहतं.

मुलांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधल्या शाळांत ११ ते १४ वर्षांच्या ८ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये कळलं की सजगतेचे तास घेतलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीचे तास घेतलेल्या मुलांपेक्षा सुधारलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

"माझं ध्यान लागत नाही"

हे वाक्य मी महिलांच्या डब्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये, स्टाफरूममध्ये सतत ऐकते. मन कोरं झालं पाहिजे, विचार आला म्हणजे बिघडलं, असं घट्ट बसलेलं आहे. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात मध्येच फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. सगळ्यांचं मन असंच चालतं.

मी बसते तेव्हा असं होतं. श्वास आत, बाहेर. तिसऱ्या श्वासाला दुधाचं बिल. तिथून दूधवाल्याची सुट्टी, तिथून गावचं घर, तिथून आईचं दुखणं. मध्येच ध्यानात येतं, अरे, श्वास कुठे गेला? की परत श्वासावर. ध्यानात येणं आणि परतणं, एवढाच व्यायाम आहे. वीस मिनिटांत पन्नासदा मन गेलं आणि पन्नासदा आणलं, तर पन्नास वेळा व्यायाम झाला. अष्टांगयोगात ध्यानाच्या आधीची पायरी धारणेची सांगितली आहे, म्हणजे मन एका जागी लावण्याचा प्रयत्न. आपण बहुतेक जण तिथेच असतो आणि तिथे असणं अगदी योग्य आहे.

दुसरा समज म्हणजे ध्यानाने कुणाचं वाईट होत नाही. २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं, बहुतेकांना चिंता किंवा उदासी. मानसोपचारातही साधारण एवढ्यांना त्रास होतो. पण वर्गात बसवण्याआधी कुणी हे सांगत नाही. जुना आघात असेल, भास होत असतील, तर दहा दिवसांच्या मौनशिबिराला जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला, त्यामुळे दर डिसेंबरात दाव्यांचे संदेश फोनवर येतात. तेव्हा मला गोराईच्या विपश्यना पॅगोडाची आठवण होते. खांबांशिवाय उभा असलेला तो प्रचंड घुमट, आत आठ हजार माणसं एकत्र बसू शकतील एवढी जागा. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले आणि भारतातलं त्यांचं पहिलं विपश्यना शिबिर १९६९ मध्ये मुंबईतच झालं. ते स्वतः अर्धशिशीने बेजार होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. गुरूंनी आधी नकार दिला: नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. या गुरूंनी रोग बरा करण्याचा दावा स्वतःहून नाकारला होता.

मावशी अजून बसते. त्या शिबिरात जात नाही, घरीच, पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या आधी वीस मिनिटं. गोळी परत सुरू आहे आणि प्रेशर एकदा सकाळी, एकदा रात्री, पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं असं ठरलंय. वहीत आता एक रकाना वाढलाय: "बसले". परवा गेले तेव्हा मी तो आधी पाहिला. महिन्यात तीन खाडे होते, तिन्ही गणपतीच्या गडबडीतले. गोळीच्या रकान्यात खाडा नव्हता.